डब्यातल्या भोपळ्याचे दिवस

डायलिसिसच्या खुर्चीत बसलं की डावा हात मशीनचा असतो आणि उजवा तेवढा माझा. त्या उजव्या हाताने हे लिहिलं आहे, त्यामुळे ते तुटक आहे. लंडनमधल्या ईलिंगच्या एका मराठी गृहस्थांना नुकतंच याच आजाराचं निदान झालं. माझा नंबर कुणाकडून तरी मिळवून त्यांनी फोन केला आणि विचारलं, "पुढे काय काय होतं हो?" मला धड काही सांगता आलं नाही. हवापाण्याचं बोललो आणि फोन ठेवला. मग दिवसभर चुटपुट लागून राहिली. औषधांचं डॉक्टर त्यांना सांगतीलच. घरात काय होतं तेवढं मी सांगू शकतो.

आमचं घर लंडनमध्येच, पिनरला. घरात मी आणि माझी बायको सुलभा. मुलगी अनघा लीड्सला युनिव्हर्सिटीत शिकते. मी मोठ्या इमारतींच्या हीटिंगचा इंजिनीअर. सुलभा इथल्या प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांच्या नाड्या बांधते आणि नाकं पुसते.

कळलं तो दिवस

अंगाला खाज यायची. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसायचा. मी हे सगळं पन्नाशीच्या नावावर खपवलं. सुलभाने पाठी लागून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, तिथे रक्त दिलं आणि ऑफिसला गेलो.

त्याच संध्याकाळी जीपींचा स्वतःचा फोन आला. बॅग भरा आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा, म्हणाले. मी विचारलं, "उद्या साइटवर मीटिंग आहे, परवा गेलं तर चालेल का?" ते म्हणाले, "नो." इतकी वर्षं या देशात राहिलो, पण "आय ॲम अफ्रेड" न लावता म्हटलेला असा नुसता "नो" मी तोपर्यंत ऐकला नव्हता.

सुलभाने टॉवेल, पायजमे आणि देवाचा अंगारा भरला. हॉस्पिटलचं जेवण घशाखाली उतरणार नाही म्हणून पोळ्या, बटाटा-टोमॅटोची रस्साभाजी आणि वर दोन केळी असा डबाही दिला. वॉर्डमध्ये नर्सने डबा उघडून बघितला आणि झाकण लावून बाजूला नेला. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय बंद पडू शकलं असतं, आणि डब्यात नेमक्या पोटॅशियम वाढवणाऱ्या वस्तू होत्या. सुलभाला हे कळलं तेव्हा ती खुर्चीत बसून राहिली. तिचा हात हातात घ्यायचंही मला सुचलं नाही.

एका तरुण डॉक्टरीणबाईंनी हात पुसायच्या कागदावर दोन शेंगदाणे काढावेत तशा किडन्या काढून दाखवल्या. मी विचारलं, "दोन्ही?" त्या म्हणाल्या, "दोन्ही." आयुष्यभर मी इमारतींना दोन पंप बसवत आलो, एक चालू आणि एक स्टँडबाय. दोन्ही एकदम बंद पडले तर आम्ही ज्याने देखभाल केली त्याला धरतो. इथे धरायला कोणीच नव्हतं.

हात

पहिले काही आठवडे मानेत नळी घालून रक्त साफ केलं. मग डाव्या हाताच्या मनगटापाशी छोटं ऑपरेशन करून रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या, म्हणजे पुढे तिथेच सुया घालता येतात. त्या जागी बोट ठेवलं तर आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. ते गुरगुरणं थांबलं तर धावत या, असं सांगून ठेवलं आहे. या हाताने जड उचलायचं नाही, जोर लावायचा नाही, त्यावर झोपायचं नाही. लहान मूल सांभाळावं तसा मी तो हात सांभाळतो.

आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस युनिटमध्ये. हॉस्पिटलची गाडी नेते, वजन होतं, सुया जातात. सुई जाताना बघू नका, छताकडे बघा. मशीनमधून परत येणारं रक्त गार असतं, हाडात थंडी भरते. तिथली एक फिलिपिनो नर्स न मागता हीटरवर ठेवलेली ब्लँकेट आणून पायावर टाकते. तिचे उपकार कशाने फेडावेत मला माहीत नाही.

शेजारच्या खुर्चीत विन्स्टन म्हणून जमैकाचे एक निवृत्त बस ड्रायव्हर असतात. आम्ही दोघं चार तास फक्त जेवणावर बोलतो, कारण खाता काहीच येत नाही. केळं नाही, टोमॅटो नाही, नारळ नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकल्याशिवाय नाही. मीठ नाही. पाणी मोजून. तहान काय असते हे उन्हाळ्यात गावाला गेल्यावर कळतं असं मला वाटायचं. ती लंडनच्या जानेवारीत कळते.

सुलभाचा आकडा

किडनी मिळण्याच्या यादीत नाव लागलं. आपल्या लोकांना जुळणारी किडनी मिळायला जास्त वेळ लागतो, कारण आपले लोक मरताना देत नाहीत, हे मला एका डॉक्टरांनी फार सभ्य शब्दांत सांगितलं. सुलभा शेजारी बसली होती. ती लगेच म्हणाली, "टेक माइन." जणू ते पेन मागत होते.

रक्तगट जुळला. त्या रात्री मी गाढ झोपलो. मग दात्यांचं काम बघणाऱ्या नर्सने, मॉरीनने, सुलभाला काट्यावर उभं केलं. मॉरीन आयरिश, गोड बोलणारी. ती म्हणाली, "तुमचं वजन दोन स्टोनने कमी व्हायला हवं, लव्ह. त्याशिवाय सर्जन हात लावणार नाहीत. पहिलं वजन, मग स्कॅन, मग बाकीचं."

दोन स्टोन म्हणजे तेरा-एक किलो. माझा जीव आणि मी यांच्यामध्ये माझ्या बायकोचे तेरा किलो उभे होते, आणि त्यांतला एक ग्रॅमही मला कमी करता येणार नव्हता.

उपास

सुलभाने जोर केला. साखर सोडली. शाळेतून चालत यायला लागली. संकष्टी आणि एकादशी तिला पहिल्यापासून होत्याच. माझं आजारपण आल्यावर तिने सोमवार धरले, मग कुणीतरी सांगितलं म्हणून गुरुवार. डायटिशियनला तिने सांगितलं की मी आठवड्यातून निदान दोन दिवस फास्ट करते. त्या पोरीचे डोळे विस्फारले. "वॉव," म्हणाली. पुढच्या वेळी काटा उलट वर गेला होता. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मी तोवर नोकरीत अर्धवेळ झालो होतो आणि डायलिसिस नसेल त्या दिवशी घरी असायचो. रिकामं बसवेना म्हणून म्हटलं, आजपासून स्वयंपाक मी करतो. पहिलाच दिवस सोमवार निघाला. सुलभा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सांगायला लागली. "दोन वाट्या साबुदाणा. तूप घाला. अहो, एवढंसं काय, घाला अजून. आता दाण्याचं कूट. नाही, मूठभर नाही, वाटीभर. बटाट्याच्या फोडी तळून घ्या आधी." संध्याकाळी वरईचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मधे भूक लागली तर राजगिऱ्याचा लाडू.

मी सवयीप्रमाणे पाकिटांच्या मागचे आकडे वाचले. दोन्ही वेळच्या जेवणाचा हिशेब मनात केला.

"सुलभा," मी म्हटलं, "एकादशी दुप्पट खाशी म्हणतात, ते खरंच आहे. तू इतर दिवशी जेवतेस त्याच्या दीडपट आज झालं."

"उपासाचं अंगी लागत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. आणि हे उपास मी माझ्यासाठी करते का? तुमच्यासाठीच करते ना?"

"तुझ्या उपासांमुळेच मला किडनी मिळत नाहीये!"

हे मी ओरडून बोललो. ती स्टुलावरून उठली आणि वर निघून गेली. खिचडी तशीच गार झाली. बटाटा-दाण्यांमुळे ती मला चालत नव्हती, त्यामुळे रागाच्या भरात संपवायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शांतपणे म्हणाली, "उपास मी सोडणार नाही. सोडले आणि तुम्हाला काही झालं, तर मी जगू शकणार नाही. उपासाला चालेल असं दुसरं काहीतरी करा." एवढं बोलून ती शाळेत गेली.

भोपळा कोणी कापायचा

उपासाला चालणारं आणि अंगावर न चढणारं म्हणजे लाल भोपळा. मी हॅरोच्या भाजीवाल्याकडून एक गरगरीत भोपळा आणवला. तो ओट्यावर बसला आणि बसूनच राहिला.

सुलभाच्या माहेरी, कोल्हापूरकडे, बाईने अख्खा भोपळा फोडायचा नसतो, नाहीतर घरावर संकट येतं म्हणतात. पहिली चीर पुरुषाने द्यायची, मग बाई पुढचं चिरते. आमच्या संसारात एवढं एक काम माझ्याकडे होतं. इतकी वर्षं वर्षातून दोनतीनदा मला हाक यायची, "अहो, भोपळ्याला सुरी लावून जा." मी टाय सैल करत यायचो, सुरी खुपसायचो, दोन्ही हातांनी दाबून फोडायचो आणि मोठं काम केल्यासारखा परत जायचो.

आता डाव्या हाताने जोर लावायचा नाही. उजव्या एका हाताने प्रयत्न केला तर भोपळा ओट्यावरून निसटून सिंकमध्ये गेला. सुलभा म्हणाली, "राहू द्या." मी म्हटलं, "तू काप ना, कोण बघतंय?" ती म्हणाली, "आत्ता, अशा वेळी? मुळीच नाही." तिच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की मी सुरी परत जागेवर ठेवली. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याला बोलवावं असं मनात आलं होतं, पण पाय उचलला नाही. भोपळा फोडायलाही मी उपयोगाचा उरलो नव्हतो. त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून रडलो, आणि रडताना वाटलं की हसं होईल अशा गोष्टीवर रडतोय.

अनघाला फोनवर हे सांगितलं तर ती खूप हसली. म्हणाली, "बाबा, टिनमधला घे ना! माझी अमेरिकन फ्लॅटमेट आहे, ती पम्पकिन पाय बेक करते. नुसता पम्पकिन असतो त्याच्यात. कापायला नको, काय नको." पुढच्या खेपेला तिने लीड्सहून बॅगभर डबे आणले. त्यातले दोन साखर-मसाला घातलेल्या सारणाचे निघाले, ते विन्स्टनच्या बायकोला दिले. घेताना डब्यावर नुसता भोपळा लिहिलं आहे ना, हे बघून घ्या.

पण डब्यातला उपासाला चालतो का? सुलभाने कोल्हापूरला तिच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"कापला कुणी?" आक्कांनी विचारलं.

"कारखान्यात. मशीनने."

"मशीन काय बाई नसतंय," त्या म्हणाल्या. "चालतोय. डब्यावर तेवढं तुळशीचं पान ठेव."

माझा स्वयंपाक

ज्यांना वजन उतरवायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. डब्यातला भोपळा म्हणजे पिवळा लगदा. तो तसाच वापरला तर डब्याचा वास येतो. आधी कोरड्या तव्यावर मंद आचेवर परतून त्यातलं पाणी जाऊ द्या. रंग जरा गडद झाला की वास जातो. मग बिनसायीच्या दह्यात कालवायचा, हिरवी मिरची, मीठ आणि लिंबू, आणि चहाच्या चमच्याच्या टोकावर राहील एवढ्या तुपात जिऱ्याची फोडणी. हे उपासाचं भरीत. ताकात घुसळून आलं-जिरं घालून उकळू न देता गरम केलं की कढीसारखं होतं. उपास नसेल तेव्हा ज्वारीच्या पिठात मळून थालीपीठ लावायचं, तेलाऐवजी पाण्याचा हात घेऊन. पोट भरतं, आणि तुपा-कुटाच्या मानाने अंगाला काही लागत नाही.

घारगे मात्र करू नका. मी एकदा केले, गूळ घालून, फक्त चार, तिचा वाढदिवस होता म्हणून. तिने चारही खाल्ले आणि मग माझ्यावरच चिडली.

पहिल्या दिवशी भरीत बघून ती म्हणाली, "हे भरीत आहे की बाळाचं जेवण?" खाल्लं तरी. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. मला त्याची नीट चव बघता येत नव्हती, कारण भोपळ्यातही पोटॅशियम आहेच. करंगळीच्या टोकावर घेऊन जिभेला लावायचो आणि तोंड धुवायचो. मीठ किती हे वासावरून ठरवायला शिकलो. ती म्हणायची, "आज खारट," नाहीतर "आज जमलं." तिच्या तोंडून मला माझ्या स्वयंपाकाची चव कळायची.

आपापल्या डायटिशियनना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. माझं आणि तिचं ताट एकाच टेबलावर असूनही त्यात एकही पदार्थ सारखा नव्हता.

ताटाकडे बघणं

वजन उतरायला लागलं, पण सावकाश, आणि मधेच अडायचं. त्या महिन्यांत मी फार वाईट माणूस झालो होतो. ती जेवायला बसली की माझी नजर तिच्या ताटावरच असायची. दुसरी पोळी घेतली की मी मनात आकडा मांडायचो. मी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती.

एकदा शाळेतून येऊन ती कोट न काढता म्हणाली, "आज एका मुलाच्या वाढदिवसाचा केक खाल्ला. मोठा तुकडा. सांगून टाकते, म्हणजे तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत बसायला नको."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणा ना मग! म्हणत पण नाही तुम्ही. नुसते बघता. मला घास गिळवत नाही. मी काय खाटकाकडची बकरी आहे का, वजन बघायला?"

तिचं खरं होतं, फक्त उलट. इथे बकरीचं वजन उतरवायचं होतं. तसं म्हणून मी विनोद करायला गेलो आणि ती हसली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. माफी मागावी तर उद्यापासून बघायचं थांबवणार का, हा प्रश्न होता, आणि थांबवता येईल असं मला वाटत नव्हतं. मला जगायचं होतं. माणसाला जगायचं असलं की तो किती बारीक नजरेने बघतो, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मी तिला वाढून देऊन वर जाऊन बसायला लागलो. ती खाली एकटी जेवायची. रेडिओचा आवाज वर यायचा. ईलिंगच्या गृहस्थांना हे मला फोनवर सांगता आलं नाही. आजार एकाला होतो आणि टेबलावरून दोघं उठतात.

स्कॅन

पुढच्या उन्हाळ्यात सुलभा मॉरीनच्या काट्यावर उभी राहिली आणि मॉरीनने टाळ्या वाजवल्या. दोन स्टोन आणि वर थोडे. सुलभाचे जुने ड्रेस खांद्यावरून घसरायला लागले होते. ती इतकी तरतरीत दिसत होती आणि मी इतका करपलेला, की युनिटमध्ये एकाने ती माझी मुलगी का म्हणून विचारलं. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा एका टेबलावर बसलो. ती म्हणाली, "आता बघा हवं तेवढं."

मग स्कॅन झाला. निकालाला आम्हाला दोघांना एकत्र बोलावलं. खोलीत डॉक्टर होते आणि मॉरीनही होती. मॉरीनने आज "लव्ह" म्हटलं नाही. टेबलावर टिश्यूचा खोका होता, तो तिने हलकेच आमच्या बाजूला सरकवला. मला वाटलं कॅन्सर. देवा शपथ, मला वाटलं हिला कॅन्सर निघाला.

डॉक्टर म्हणाले, "मिसेस देसाई, तुम्हाला एकच किडनी आहे."

सुलभाला कळलंच नाही. ती म्हणाली, "यस, आय विल गिव्ह वन."

"नाही. तुमच्या शरीरात एकच आहे. जन्मापासून. अशी माणसं असतात, त्यांना कधी कळतही नाही. ती एक उत्तम चालते आहे. पण ती तुम्हाला देता येणार नाही."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. सुलभा माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सॉरी हं." माझ्या घरातल्या माणसाने माझी माफी मागितली, तिच्या पोटात जन्मतः एक गोष्ट नव्हती म्हणून. मी "अगं" एवढंच म्हणू शकलो.

डॉक्टर पुढे सांगत होते की तिने आता स्वतःला जपायला हवं. उतरलेलं वजन उतरलेलंच ठेवायचं, ब्लडप्रेशर बघत राहायचं. ती मान डोलवत होती. निघताना त्यांनी सहज विचारलं, मुलं आहेत का? क्वचित घराण्यात असतं, एकदा त्यांचंही बघून घ्या.

घरी येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. नॉर्थविक पार्क स्टेशन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मी किती मोठेपणाने सांगत फिरले हो सगळ्यांना. माझ्याकडे दोन आहेत, एक देतेय म्हणून."

लीड्स

अनघा शनिवारी आली. आम्ही तिला फोनवर सांगितलं नव्हतं, समोर बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकलं. मग चहाचा मग खाली ठेवला आणि म्हणाली, "ओके. मग आता माझी टर्न. बाबा, माझी एक किडनी तू घे. मी ट्वेन्टीवन आहे, ॲडल्ट आहे, मला कोणाची परमिशन नको."

मी बोलायला तोंड उघडलं, पण सुलभाच किंचाळली. लग्नानंतर तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तुझ्याकडे दोन आहेत का ते आधी बघ! एक काढून देतेय म्हणे! आधी बघ तरी, आहेत का दोन!"

अनघा पांढरीफटक पडली. ती देण्याचा विचार करत होती. आपल्यालाच कमी असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांनी सुचवूनही आमच्या डोक्यात ते त्या क्षणापर्यंत नीट शिरलं नव्हतं.

त्यापुढचे आठवडे मी माझा आजार विसरलो, म्हणजे सुया जातच होत्या, पण लक्ष तिथे नव्हतं. लीड्सच्या डॉक्टरांनी तिचा स्कॅन लावून दिला. विन्स्टननी मला विचारलं, "तुला काय निघायला हवंय?" मी म्हटलं, "दोन." ते म्हणाले, "आणि निघाल्या दोन, तर?" मी छताकडे बघितलं. सुलभाने उपास आणखी एक वाढवला, शनिवारचा, आणि त्या दिवशी नुसतं पाणी प्यायली. हा उपास माझ्यासाठी नव्हता.

स्कॅनच्या दिवशी अनघाचा फोन दुपारी आला. मी हॉलमध्ये उचलला. सुलभा सुट्टी घेऊन घरीच होती, ती जिन्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"बाबा," अनघा म्हणाली, "दोन आहेत."

मी सुलभाला दोन बोटं दाखवली. ती पायरीवर मटकन बसली आणि कार्डिगनमध्ये तोंड खुपसून हमसून रडायला लागली. मलाही आवरेना. माझी पोर धडधाकट होती. कितीतरी महिन्यांत या घरात चांगली बातमी म्हणून आली नव्हती.

"बाबा, रडतोयस का तू? दोन्ही फाइन आहेत. साइज पण नॉर्मल. त्या बाईने स्क्रीनवर दाखवल्या मला."

"बरं झालं," मी म्हणालो. "फार बरं झालं गं बाई."

"हो ना? मग आता बोल."

सुलभाने मान वर केली. पलीकडचं तिला ऐकू गेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि ती नजर हो म्हणत नव्हती की नाही म्हणत नव्हती.

"बाबा? आर यू देअर?"

"आहे गं," मी म्हणालो. अनघा पुढचं ऐकायला लाइनवर थांबून राहिली.